आमची गौरी समुद्रात किती खोल गेली

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजपर्यंत कळलेलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, ती पण अर्धी म्हशींच्या मागं. त्यानंतर लिहिणं म्हणजे किराण्याची यादी. तेव्हा चुकून कोणाच्या हाती हे पडलं तर चुका पोटात घालाव्यात आणि अक्षर लागलं नाही तर मला बोलावून विचारावं. मात्र विचारल्यावर मी सांगेन याची खात्री नाही, कारण मला चारचौघांत बोलता येत नाही. हळदी-कुंकवाला गेले तरी मी भिंतीच्या कडेला बसते आणि वाण घेऊन पहिली उठते.

परत आल्यापासून पाचोडला आमच्या वस्तीवरच्या बाया विचारतात, समुद्र कसा असतो, पोरगी खरंच पाण्याखाली गेली का. मी "गेली" म्हणते आणि हसते. त्यापुढं जे सांगायचं होतं ते इथं लिहिते.

आधी आमची विहीर

समुद्राचं सांगण्याआधी विहिरीचं सांगावं लागतं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या मळ्यातल्या विहिरीला आतून टप्पे आहेत. खोदणाऱ्यांनी खडकात उभं राहायला ओटे सोडलेले असतात, तेच. दिवाळीत पाणी वर असतं तेव्हा ते सगळे पाण्याखाली जातात. गौरी माझी नात, मुलाची मुलगी. राहते संभाजीनगरात उस्मानपुऱ्यात, पण पोहायला शिकली आमच्या विहिरीत. मीच शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून, जसं मला माझ्या वडलांनी वाळलेला भोपळा बांधून शिकवलं होतं.

वडलांचा एक नियम होता. पोहता आलं की बुडी मारायची, पहिल्या टप्प्याला हात लावायचा, वर यायचं आणि आपलं पूर्ण नाव सांगायचं. स्वतःचं, वडलांचं, आडनाव आणि गाव. धाप लागली, नाव मधे तुटलं, की त्या वर्षी दुसरा टप्पा नाही. कितीही रडा. पुढच्या उन्हाळ्यात बघू. आम्ही सगळी भावंडं अशीच शिकलो आणि आमच्यातलं कोणी बुडालं नाही. गौरीलाही मी असंच शिकवलं. "दम धर, दम धर" हे माझं एकच सांगणं असायचं. गौरी दम धरण्यात इतकी पक्की झाली की शहरातल्या पोहण्याच्या तलावावरची पोरं तिला पाणकोंबडी म्हणायला लागली.

गौरीला दहा पूर्ण झाली. वाढदिवसाला तिनं सायकल मागितली नाही, फ्रॉक मागितला नाही. मोबाईलवर तिनं पाहिलं होतं, मालवणला माणसं पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी माशांत फिरतात. तिला तेच पाहिजे होतं. माझा मुलगा दत्ता एका कंपनीत नोकरीला आहे. त्यानं गुलमंडीजवळच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडं जाऊन पैसे भरले. तेही साध्या बुडीचे नाही. त्या माणसानं सांगितलं, "लहान मुलांचं साधं असतं ते नुसतं गुडघाभर. तुम्ही बारा मीटरचं घ्या, थोडे जास्त पडतील." दत्तानं घेतलं आणि सगळ्या ऑफिसात सांगून टाकलं, आमची गौरी बारा मीटर खाली जाणार.

गौरीनं मात्र अट घातली. आजी आली तरच.

घाटाच्या खाली

दिवाळीची भाऊबीज झाल्यावर निघालो. दत्ता, सूनबाई मनीषा, गौरी आणि मी. गौरीचे आजोबा गुरांसाठी घरी थांबले. गाडीत बसताना मी बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा असं गाठोडं घेतलं, तर मनीषा म्हणाली, "आत्याबाई, तिकडं माणसं उपाशी नाय राहत." कोल्हापूरच्या अलीकडं एका धाब्यावर भाजी आली ती गोडच गोड. तेव्हा तिनंच हळूच विचारलं, "ठेचा कुठं ठेवलाय?"

कोल्हापूरच्या पुढं घाट उतरलो आणि हवा बदलली. अंगाला चिकटणारी, ओली. आमच्याकडं दिवाळीत सकाळी ओठ फुटतात, इथं दोरीवरचं लुगडं दोन दिवस वाळत नाही. जमीन तांबडी. झाडं इतकी की जमीन कोणाची कुठपर्यंत हेच कळेना. आमच्याकडं बांधावर एक बाभूळ दिसली तरी ती कोणाची हे लहान पोर सांगतं.

मुक्काम मालवणच्या जवळ, किनाऱ्यालगत एका घरी होता. घरवाली आनंदीबाई, माझ्याच वयाची, ठसठशीत. तिचा मुलगा नंदू, चाळिशीचा, हाच माणसांना समुद्रात उतरवायचा. तिनं मला बघितलं आणि विचारलं, "तू पण उतरतलंस काय गो?" मी पदर तोंडाला लावला. मला कोणी पहिल्या भेटीत अगं-तुगं केलं की बरं वाटतं.

जेवायला तांदळाची भाकरी. पांढरी, मऊ, मला वाटलं भाजायची राहिली. वाटीत गुलाबी काहीतरी होतं. मी दत्ताला हळूच म्हटलं, "हे औषध कशाचं?" तो हसत सुटला. ती सोलकढी होती. दुसऱ्या घोटाला आवडली, तिसऱ्या वाटीला आनंदीबाईनं मला पुरतं ओळखलं. तळलेला बांगडा मात्र काटे काढता काढता माझ्या हातून उडाला आणि दत्ताच्या ताटात पडला. आमच्याकडं मटणाचं हाड ओरपायची सवय, माशाशी असं हळू वागायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी समुद्र पाहिला. त्याबद्दल मी काय लिहू. पहिल्यांदा वाटलं, एवढं पाणी आणि कोणाच्या शेताला नाही.

बुडबुडे कुठं गेले

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदूनं गौरीला सरावाला किनाऱ्याजवळच नेलं. पाणी तिच्या छातीएवढं. पाठीवर लहान टाकी, डोळ्यांवर काच, तोंडात रबरी नळी. आम्ही तिघं वाळूवर उभं होतो. दत्ता मोबाईलवर चित्र घेत होता.

गौरी खाली बसली. पाणी डोक्यावरून गेलं. नंदू पण खाली गेला आणि लगेच तिला धरून वर आला.

"बुडबुडे खंय गेले?" त्यानं विचारलं.

"काय?" गौरीनं नळी काढली.

"श्वास सोडलास की बुडबुडे दिसायला हवेत. तुझे दिसले नाहीत. परत."

परत खाली. परत बुडबुडे नाहीत. तिसऱ्यांदाही नाहीत. गौरीला वाटत होतं आपण फारच छान करतोय. ती बोटांनी मला खूण करून दाखवत होती की बघ आजी, अजून दम आहे.

नंदू तिला घेऊन बाहेर आला. वाळूवर उकिडवा बसला आणि तिला समजावून सांगायला लागला, पण ऐकत होते आम्ही सगळेच. "बाय, ही टाकी पाठीला आहे ती श्वास घ्यायलाच आहे. खाली गेल्यावर श्वास कधीच धरायचा नाही. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. तू छाती बंद करून वर आलीस तर ती फुगून जाईल कुठं? फुगा जास्त भरला की काय होतं?"

"फुटतो," गौरी म्हणाली.

"मग? तुला दम धरायला शिकवलं कोणी?"

गौरीनं माझ्याकडं बोट दाखवलं. पायाखालची वाळू सरकते म्हणतात तशी लाटेनं माझ्या पायाखालची खरंच सरकली.

दत्ता म्हणाला, "आई, तुझ्या विहिरीनं घोटाळा केला बघ." चेष्टेतच म्हणाला, पण मला लागलं.

"आमच्या विहिरीत टाकी नसते," एवढंच मी म्हणाले, ते पण त्याला ऐकू गेलं नाही.

मग बारा मीटरचा विषय निघाला. दत्तानं पावती दाखवली. नंदूनं ती वाचली आणि परत दिली. "साहेब, दहाच्या आतल्या मुलांना आम्ही दोन मीटरच्या खाली नेत नाही. दहा पूर्ण झाली की मोठ्या माणसाबरोबर बारा मीटर ही शेवटची हद्द. हद्द म्हणजे पहिल्या दिवशी जायची जागा नव्हे. आणि हे जास्तीचे पैसे माझ्यापर्यंत आलेलेच नाहीत. ते त्यानंच ठेवलेत."

"पण तो तर म्हणला..."

"तो गुलमंडीत बसतो. पाण्यात मी असतो."

"म्हंजे उद्या किती खोल?"

"उद्या सकाळी परत बघू. श्वास चालू राहिला तर नेतो. नाही राहिला तर बोटीत बसून मासे बघायचे. पोराचा जीव पावतीवर लिहिलेला नसतो."

मनीषानं लगेच हात जोडले. "बोटीतच बसू द्या. मपली तर काल रात्रीपासून झोप उडालीय."

गौरी ओरडून रडली नाही. ती वाळूत तोंड फिरवून बसली आणि शिंपले वेचायला लागली. आमच्या घरात कोणी असं गप्प होऊन हातांना काम लावलं की समजायचं, फार लागलंय. ती सवय तिला माझ्याकडून गेली आहे.

आनंदीबाईची बादली

दुपारी कोणी जेवलं, कोणी नाही. मी मागच्या दारी गेले. तिथं आनंदीबाई अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवत होती. लाकडं ओली. तिनं फुंकणी घेतली आणि फुंकायला लागली. लांब, सावकाश, मधे न थांबता.

मी बघत राहिले. मग माडांना पाणी घालायची मोठी बादली भरून घेतली आणि गौरीला हाक मारली.

"तोंड घाल यात."

"कशाला?"

"घाल तर. आन् चूल फुंकतेत तसं फुंक. पाण्यातच."

तिनं तोंड घातलं आणि पाणी लागल्याबरोबर श्वास बंद. मला दिसलं, तिच्या पाठीची हालचाल थांबली. मी पाठीवर थाप मारली. ती वर आली. "आजी, आपोआप बंद होतं. मी करत नाही."

"बघू," म्हणून मी पदर खोचला आणि स्वतः तोंड घातलं. खरं सांगते, माझाही बंद झाला. इतक्या वर्षांचं वळण. पाणी नाकाला लागलं की छातीला कुलूप. मला वाटत होतं मी तिला शिकवीन, आणि इथं आम्ही दोघी एकाच इयत्तेत.

मग सुचलं ते गुणगुणणं. गुणगुणताना श्वास बाहेर गेल्याशिवाय राहत नाही. मी पाण्यात तोंड घालून जात्यावर म्हणायचे तसा नुसता सूर लावला, शब्द नाहीत. बुडबुडे आले! कानाजवळून गुदगुल्या करत वर गेले. गौरी ओरडली, "आले, आजी, आले!" मग तिनं लावला सूर. मग दोघींनी मिळून, डोक्याला डोकं लावून एका बादलीत.

आनंदीबाई फुंकणी घेऊन उभी राहिली. "ह्या काय चल्लाहा गो? दोन म्हशी एका बादलीत?"

गौरी इतकी हसली की नाकात पाणी गेलं. संध्याकाळपर्यंत तिचा श्वास पाण्यात चालायला लागला. आत घ्यायला वर यावं लागे, पण बाहेर सोडायचं तिला कळलं. माझाही चालायला लागला.

नंदू घरी आला तेव्हा तिनं त्याला करून दाखवलं. त्यानं मान डोलावली. "बरां आसा. पण बादली ती बादली. उद्या नळीतून घ्यायचा पण आहे आणि सोडायचा पण आहे."

"मग आजी पण येणार माझ्यासोबत," गौरी म्हणाली. "आजी गुणगुणली तर मला आठवण राहील."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं दत्ता नाही म्हणेल आणि सुटका होईल. तो नंदूकडं बघायला लागला. नंदूनं विचारलं, "काकी, बीपी, दमा, छातीचं काही?"

"काय बी नाय," मी म्हटलं. आणि त्याच वेळी मला कळलं की मी हो म्हटलंय.

बोटीवर

सकाळी नंदूच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईनं माझं बीपी मोजलं आणि मला तपासून "जा" म्हणाली. मग तो काळा रबरी पोशाख. अंगाला असा बसतो की लुगड्यात लपवलेलं सगळं जगाला दिसतं. मी पडद्यामागून बाहेरच येईना. मनीषानं आत येऊन पाठीवरची चेन ओढली आणि म्हणाली, "आत्याबाई, खरं सांगू? सासूबाई म्हणून भ्याव वाटायचं, आता नाय वाटणार." मग आपली ओढणी माझ्या कमरेला बांधून दिली. बोटीपर्यंत मी ती ओढणी घट्ट धरून चालले.

बोटीत आणखी पाहुणे होते, शहरातली तरुण मंडळी. सगळी मोठमोठ्यानं बोलत होती. मी एका कडेला बसले. पाणी निळं होतं आणि बोट अशी डोलत होती की मनीषानं डोळे घट्ट मिटून घेतले.

नांगर टाकला. नंदूनं गौरीला बोटीजवळच पाण्यात घेतलं. नळीतून श्वास. बुडबुडे आले. पुष्कळ आले. गौरी वर आली आणि तिनं अंगठ्याला बोट जोडून दाखवलं, म्हणजे ठीक.

दत्ता वरून ओरडला, "जमलं की! मग आता बारा?"

नंदू म्हणाला, "बघू खाली गेल्यावर."

"बघू" म्हणाला आणि मला वाटलं, नाही. पोरीला पण जायचं असणार, बापाला पण पाहिजे, अन् खाली गेल्यावर बोलता येत नाही. जे ठरवायचं ते इथंच, वर. सगळी बोट बघत होती. तरी मी बोलले. कसं बोलले माहीत नाही.

"नंदूभाऊ, आमच्यात एक नेम आहे. पहिल्या टप्प्याला हात लावायचा, वर यायचं, पूर्ण नाव सांगायचं. धाप लागली तर खाली न्यायचं नाय. नाय लागली तरच दुसरा टप्पा. बारा का किती ते तिच्या नावावरून ठरंल, पावतीवरून नाय."

दत्ता म्हणाला, "आई..." आणि थांबला.

नंदूनं नांगराचा दोर धरला होता. त्यानं दोराकडं बघितलं. "हा नेम मला चालतो," तो म्हणाला. "पहिला टप्पा दोराला धरून, दोन मीटर. दुसरा खडकावर, सहा. तिसऱ्याचं आज नावच काढायचं नाही."

पहिल्या टप्प्याला तो आणि गौरी गेले. मी वरून बुडबुडे बघत होते. वर आली, नळी काढली आणि तोंडभर हसत ओरडली, "गौरी दत्तात्रय नरवडे, राहणार उस्मानपुरा!" एका दमात. मागं बसलेल्या तरुण पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दत्तानं मोबाईल खाली ठेवला. "परत सांग," तो म्हणाला. "चित्र घ्यायचं राहिलं."

"नाही सांगणार. आता दुसरा टप्पा."

खाली

दुसऱ्या टप्प्याला मी पण उतरले. एका हाताला नंदू, दुसऱ्याला त्याचा जोडीदार, मधे आम्ही दोघी. पाणी डोक्यावरून गेलं आणि छातीला कुलूप लागलं. मग शेजारून आवाज आला, घुमल्यासारखा. गौरी गुणगुणत होती. मी पण सूर लावला आणि कुलूप निघालं.

कान दुखले तेव्हा नाक चिमटीत धरून फुंकायला नंदूनं शिकवलं होतं. तसं केलं की कानात टचकन उघडतं.

विहिरीत खाली जावं तसं पाणी काळं होत जातं, गार होतं आणि भिंती जवळ येतात. म्हणून खोल म्हणजे भीती असं मी आयुष्यभर समजत होते. इथं भिंतीच नाहीत. खाली जावं तसं सगळं मोकळं होत गेलं. उजेड वरून तिरपा येत होता, पत्र्याच्या भोकांतून धान्याच्या कोठीत येतो तसा. खडकावर फुलकोबीसारखं काहीतरी वाढलेलं, पण ते जिवंत आहे म्हणे. आणि मासे. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, आमच्या अंगावरून बिनधास्त जाणारे. एक तर माझ्या हिरव्या बांगड्यांशी येऊन थांबला आणि त्यांना टोचून बघायला लागला. आमच्या गुरांनी नवीन कडबा हुंगावा तसा.

गौरीचे डोळे काचेच्या मागं इतके मोठे झाले होते. बुडबुडे नीट येत होते. मी दर वेळी तेच बघत होते, आधी बुडबुडे आणि मग मासे.

खडकाच्या पलीकडं उतार होता. तिथं पाणी गडद निळं होतं आणि त्या निळ्यात एक मोठा थवा चमकत फिरत होता, चांदीच्या पैंजणांचा ढीग हलवावा तसा. मला वाटलं, जावं. थोडंच खाली. मी बोटानं तिकडं दाखवलं. होय, मीच दाखवलं. वरून नेम सांगून आलेली मी.

नंदूनं नाही अशी मान हलवली. पण त्याच्याही आधी गौरीनं माझा हात धरला, अंगठा वर केला. पाण्यात अंगठा वर म्हणजे शाबास नव्हे, वर चला. मग तिनं माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि तोंडाजवळ हात नेऊन बोलल्याची खूण केली. आधी नाव.

हळूहळू वर आलो, श्वास सोडत.

नाव

डोकं बाहेर निघालं. गौरीनं आपलं नाव गाव सांगून टाकलं, जणू काही घरातून अंगणात आली होती. मग म्हणाली, "आजी, आता तू. पूर्ण."

मी म्हटलं, "कौसल्या." आणि थांबले.

"पूर्ण, आजी! नेम आहे!"

ज्यांना हे कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या वेळच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. दवाखान्यात विचारलं तरी मी मुलाकडं बघते. आणि इथं पाण्यात गळ्यापर्यंत, अंगात रबरी पोशाख, वर बोटीतली अनोळखी माणसं वाकून बघतायत.

दत्ता म्हणाला, "राहू दे गं गौरी, आजी नाही घेत."

"मग तिला धाप लागली असं धरायचं का?" गौरी म्हणाली.

धाप तर लागली नव्हती. मुळीच नव्हती. कोणी खोटंच तसं म्हटलेलं मला सहन झालं नसतं.

"कौसल्या भानुदास नरवडे," मी म्हटलं. "मुक्काम पाचोड, तालुका पैठण." तालुका कोणी विचारला नव्हता, पण दम शिल्लक होता.

बोटीत एकच गलका झाला. मनीषानं पहिल्यांदा डोळे उघडले आणि म्हणाली, "अगंबाई, मामंजींचं नाव!" दत्ता माझा हात धरून वर ओढताना हसत होता आणि डोळेही पुसत होता, दोन्ही एकदम. गौरीला म्हणाला, "सहा मीटर लई झाले. ऑफिसात मी सहाच सांगणार."

घरी फोन केला तेव्हा मनीषानं सगळं आधी सांगून टाकलं होतं. पलीकडून गौरीचे आजोबा म्हणाले, "मंग बरं झालं. मालवणपोतर वळख झाली आमची."

आनंदीबाईनं रात्रीच्या जेवणाला मला बांगडा काटे काढून वाढला. निघताना तिच्या पदरात मी उरलेला ठेचा बांधला. नंतर तिनं फोन करून सांगितलं, नंदूच्या बापानं एक घास खाल्ला आणि विहिरीवर धावला.

गुलमंडी

एवढ्यावर संपलं असतं. पण जास्तीच्या पैशांचं राहिलं होतं.

दत्तानं परत आल्यावर ट्रॅव्हलवाल्याला फोन केला. नंदूनंही केला. तो माणूस आधी म्हणाला, पोरगी स्वतः गेली नाही त्याला मी काय करू. मग थोडे दिले. मग आज या, उद्या या. दत्ता कंटाळला. "जाऊ दे आई, एवढ्यासाठी किती चकरा मारायच्या."

मला ते पटेना. ते पैसे पोरीला तिच्या वयाच्या मानानं जास्त खोल ढकलायचे होते. ते त्याच्याकडं राहिले तर तो पुढच्या बापालाही तेच विकणार.

संक्रांतीच्या आधी बांगड्या भरायला शहरात आले होते. गौरीला घेतलं आणि गुलमंडीत त्याच्या दुकानात गेले. तिथं एक जोडपं बसलं होतं, सोबत गौरीएवढाच मुलगा. ट्रॅव्हलवाला त्यांना मालवणचंच दाखवत होता. "बारा मीटरचं घ्या," तो म्हणत होता.

"नका घेऊ," मी म्हटलं.

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. या वेळी आवाज आला तो नीट आला. "आधी दोन मीटर, मग बघा. पोराचा श्वास चालतो का ते बघा. बुडबुडे आले तरच पुढं. ही माझी नात. सहा मीटर जाऊन आली, हसत आली. तेवढ्यानं तिचं काही कमी झालं नाय."

गौरीनं त्या मुलाला विचारलं, "तुला दम धरता येतो का? तो धरायचा नसतो." आणि तिथंच तिनं त्याला गुणगुणून दाखवायला सुरुवात केली.

त्या मुलाची आई खुर्ची माझ्याकडं वळवून बसली आणि विचारायला लागली. मी सांगत गेले. किती वेळ सांगत होते कोण जाणे. ट्रॅव्हलवाला आधी हसत होता, मग घड्याळाकडं बघायला लागला, मग त्यानं ड्रॉवर उघडला.

"घ्या मावशी, तुमचे राहिलेले. सही करा इथं. नाव काय लिहू?"

गौरीनं माझ्याकडं बघितलं.

"कौसल्या भानुदास नरवडे, मुक्काम पाचोड," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं. मी सही केली, वाकडी, पण पूर्ण नावाची. त्यानं पैसे टेबलावर ठेवले आणि गौरीनं ते मोजले. सगळे होते.